कोरडी बशी

आवाज सहन होत नाही म्हणून वर्षभर दोडका खाणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे सुभेदार. नगरच्या एका उपनगरात त्यांचं बैठं घर होतं. रोज सकाळी गल्लीत भाजीचा टेम्पो यायचा आणि टेम्पोवरचा भोंगा एकच वाक्य घासत राहायचा. सुभेदारांनी टेम्पोवाल्याशी तह केला. त्यांच्या घराच्या अलीकडे भोंगा बंद करायचा आणि त्या बदल्यात जी भाजी खपत नसेल ती त्यांच्या फाटकात टाकून पुढं जायचं. खपत नसायचा तो बहुधा दोडकाच. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू ताटात दोडका वाढताना एवढंच म्हणायच्या की ह्यांच्या कानाला आराम पडला आणि माझ्या जिभेची चव गेली.

घरात कसलाच आवाज होऊ द्यायचा नाही हा त्यांचा नियम होता. फाटकाच्या कडीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. खुर्च्यांच्या पायांना रबराचे तुकडे. चहात चमचा फिरवला तर कपावर वाजतो, म्हणून साखर ढवळायला आइस्क्रीमची लाकडी काडी. कुकर वर्षानुवर्षं माळ्यावर पडून होता, काकू डाळ पातेल्यात शिजवायच्या. सख्ख्या पुतण्याच्या वरातीत डीजे लावला म्हणून सुभेदार कानाला उपरणं बांधून उलट्या पावली घरी आले होते आणि पुतण्याशी पुढं दोन दिवाळ्या बोलले नव्हते.

आणि हाच माणूस दर रविवारी नेमबाजीच्या रेंजवरची सगळ्यात मोठ्यानं वाजणारी रायफल चालवायचा. यात काही विचित्र आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. स्वतः केलेल्या आवाजाला ते आवाज समजतच नसत.

मी तिसगावचा. घरी शेती, पण माझं मन पोलीस भरतीत अडकलेलं होतं. नागापूरला एमआयडीसीत एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात काम करायचो, तिथंच एका खोलीत राहायचो आणि पहाटे मैदानावर पळायचो. सुभेदार त्या मैदानावर भरतीच्या पोरांना तयार करायचे. त्यांच्या हाताखालची पोरं भरती होतात असं सगळे म्हणायचे आणि ते खरंही होतं. शिकवायचे मनापासून. पळताना श्वास कुठं घ्यायचा, गोळा फेकताना पाय कुठं ठेवायचा, हे त्यांनी मला जसं समजावलं तसं कुणी समजावलं नाही. फक्त ते शिट्टी वाजवायचे नाहीत. पांढरा रुमाल उंच धरायचे आणि खाली सोडायचे. आम्ही वीस-पंचवीस पोरं अंधुक उजेडात त्या रुमालाकडं डोळे लावून वाकून उभे असायचो. नवीन पोरगा हसला की त्याला शेवटच्या रांगेत जावं लागायचं.

आयुष्यभर फौजेत राहिलेला माणूस म्हटलं की आपल्या मनात एक खर्जातला आवाज येतो. सुभेदार देवघरात बोलावं तसं बोलायचे. समोरच्यानंही तसंच बोलावं अशी त्यांची सक्ती होती. एकदा सांगितलेलं ऐकू आलं नाही आणि आपण 'काय?' असं विचारलं, की ते तोंड फिरवायचे आणि त्या दिवशी पुन्हा आपल्याशी बोलायचे नाहीत. मैदानावर सगळ्यांना हे माहीत होतं. त्यामुळं सुभेदार ओठ हलवायला लागले की पोरं माना पुढं काढून, श्वास धरून ऐकायची.

फौजेत ते शस्त्रांच्या दुरुस्तीच्या कामावर होते. उजव्या खांद्याचं हाड मोडलेलं होतं. लोकांना वाटायचं लढाईत मोडलं असेल. ते स्वतःच सांगायचे की बटाट्याची पोती उतरवताना ट्रकवरून पडलो. या बाबतीत त्यांनी कधी खोटी शान मारली नाही, एवढं त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो. ते हाड वाकडं जुळलं होतं, आणि तरीही निवृत्तीनंतर परवान्याची एक जुनी, मोठ्या गोळीची रायफल घेऊन ते नेमबाजी करायचे. एमआयडीसीच्या पलीकडं एका बंद पडलेल्या खाणीत क्लबची रेंज होती. रविवारी तिथं एक डॉक्टर, दोन-तीन व्यापारी, एक ठेकेदार आणि सुभेदार असे जमायचे. जमिनीवर सतरंजी टाकायची, पालथं पडायचं आणि समोरच्या दरडीपाशी लावलेल्या कागदावर नेम धरायचा.

शेजारी दुर्बीण घेऊन एक माणूस बसवावा लागतो. गोळी कागदावर कुठं लागली ते तो बघतो. सुभेदारांनी त्या जागेसाठी मला निवडलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तू बोलत न्हाईस." मला तेव्हा हा मोठा मान वाटला. मैदानावरच्या सगळ्या पोरांमधून मला उचललं होतं. मी तिसगावला फोन करून आईला सांगितलं, आणि आईनं शेजारणीला.

मी त्यांच्या उजव्या हाताला बसायचो. म्हणजे ते माझ्या डाव्या बाजूला. माझं उत्तरसुद्धा तोंडानं द्यायचं नव्हतं. गोळी वर लागली की खाली, डावीकडं की उजवीकडं, ते त्यांच्या डोळ्यांसमोर हात धरून बोटांनी दाखवायचं. त्यांच्या कानात रबराची बुचं आणि वर जाड इअरमफ असायचे, त्यामुळं त्यांना काही ऐकायची गरजच नव्हती. सूचना मात्र ते तोंडानं द्यायचे, त्याच देवघरातल्या आवाजात. मलाही त्यांनी इअरमफ दिले होते. ते घातले की त्यांचा शब्द ऐकू यायचा नाही. 'काय?' विचारायची सोय नव्हती. म्हणून त्यांचे ओठ हलताना दिसले की मी डावा मफ मागं सरकवायचो, कान त्यांच्या तोंडाशी न्यायचो, "वारं बघ" किंवा "आता मधी लागंल" असं काहीतरी ऐकायचो, आणि मफ जागेवर आणेपर्यंत बार झालेला असायचा. त्यांचं बोलणं आणि चाप ओढणं एकाच श्वासात व्हायचं. पुढंपुढं मी तो डावा मफ मागंच ठेवायला लागलो.

पहिल्या हिवाळ्यात हे चाललं. कान दुखायचा, पण दुपारपर्यंत थांबायचा. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचा खांदा फारच धरला, आणि त्यांनी रायफलला मझल ब्रेक बसवायचं मनावर घेतलं.

नळीच्या तोंडाशी बसवायचा हा लोखंडाचा एक तुकडा असतो. गोळीमागून जो वायू बाहेर पडतो त्याला तो वळवतो, त्यामुळं खांद्याला बसणारा धक्का कमी होतो. रेंजवरचे लोक त्याला मुसकं म्हणायचे, मळणीत बैलाच्या तोंडाला बांधतात तसं. फरक एवढाच की मुसकं बांधल्यावर बैल गप होतो. सुभेदारांनी रीतसर सोपस्कार करून पुण्याच्या दुकानातून तीन तऱ्हेचे ब्रेक आणले आणि हिवाळ्याचे पहिले तीन रविवार त्यांच्या निवडीत घालवले. मुलीचं स्थळ बघतानाही माणूस इतकी चिकित्सा करत नाही.

निवडीची त्यांची रीत त्यांचीच होती. गोळ्या झाडून झाल्या की ते उठून बसायचे, थर्मासमधला चहा कपात अगदी काठोकाठ ओतायचे, कप बशीवर ठेवायचे आणि उजव्या हातानं कपबशी उचलून तोंडापर्यंत न्यायचे. खांदा ठणकत असला की हात थरथरायचा आणि चहा बशीत सांडायचा. बशी ओली तर ब्रेक नापास. डॉक्टर, व्यापारी, ठेकेदार सगळे भोवती उभे राहून त्या बशीकडं बघायचे.

एका ब्रेकला सगळीकडून गोल भोकं होती. पालथं पडून बार टाकला की खालच्या भोकांतून वारा जमिनीवर आपटायचा आणि खाणीतली पांढरी धूळ दोघांच्या तोंडावर उडायची. तो पहिल्याच रविवारी बाद झाला. दुसऱ्याला दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या होत्या, मागं झुकलेल्या. तिसरा नुसता नळकांड्यासारखा, पुढून उघडा. ते दोन्ही ब्रेक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवून समजावून सांगितले होते. ते शब्द मला अजून तसेच्या तसे आठवतात.

"ह्यो खिडक्यांचा हाय ना, ह्यो सगळं बाजूला फेकतो. खांद्याला लई सुख. शेजारी बसनाऱ्याचं मात्र काय खरं न्हाई. आन ह्यो नळकांड्याचा, ह्यो आवाज म्होरं फेकतो. शेजारच्याला बरा. पन खांद्याला त्याचा काय उपेग न्हाई."

पुढच्या रविवारी नळकांड्याचा लावला. बशीत चहा सांडला. त्याच्या पुढच्या रविवारी खिडक्यांचा लावला. पहिल्या बाराला माझ्या डाव्या गालावर कुणीतरी पाची बोटं ठेवून दिली असं वाटलं. दुर्बीण हलली. डॉक्टर चार पावलं मागं सरकले, ठेकेदारानं आपली सतरंजी उचलून पार टोकाला नेली. मी बसून राहिलो, कारण माझी जागा तीच होती. शेवटी सुभेदारांनी चहा ओतला, कप उचलला, एक घोट घेतला आणि बशी सगळ्यांना दाखवली. बशी कोरडी होती. लोकांनी खरोखर टाळ्या वाजवल्या असत्या, पण त्यांना टाळ्याही चालत नसत.

माझा कान कसा आहे हे कुणी विचारलं नाही. सुभेदारांनी तर नाहीच. मी का बोललो नाही असं आज लोक मला विचारतात. ज्यांनी भरतीच्या मैदानावर दिवस काढलेत ते विचारत नाहीत. तिथं पोरं पायाच्या नखातून रक्त आलं तरी बूट काढत नाहीत. एकदा दुखतं म्हटलं की हा कच्चा आहे असं ठरतं, आणि ज्याच्या शब्दावर आपली सगळी आशा आहे त्याच्यासमोर तर कुणीच ते म्हणत नाही. रविवारी संध्याकाळी खोलीवर आलो की डाव्या कानात एक बारीक शिट्टी सुरू व्हायची. आधी ती सोमवारपर्यंत टिकायची, मग बुधवारपर्यंत. मग ती थांबायचीच बंद झाली. अजून चालू आहे. हे लिहिताना चालू आहे.

त्याच सुमाराला माझं बोलणं मोठं झालं. मला ते कळलं नाही. फोनवर आई म्हणायची की ओरडतोस कशाला, मी काही बहिरी नाही. आणि एकदा मैदानावर मी कुणालातरी हाक मारली तेव्हा सुभेदार माझ्याजवळ आले, माझ्या छातीवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "आवाज खाली." त्यांना माझ्या आवाजाचा त्रास झाला होता. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

त्या वर्षी भरती निघाली. धावण्यात मी पुढं होतो, गोळा चांगला गेला, लेखी परीक्षेत नाव आलं. तिसगावच्या चौकात पोरांनी माझ्या नावाचा फलक लावला, त्यावर सुभेदारांचाही फोटो होता. मग वैद्यकीय तपासणी. डोळे, छाती, गुडघे, सगळं झालं. कानाच्या वेळी तपासणीचे डॉक्टर माझ्या मागं जाऊन उभे राहिले. डावा कान बंद करायला लावून काहीतरी कुजबुजले. मी ते म्हणून दाखवलं. मग उजवा बंद करायला सांगितला. मी थांबलो. मला वाटलं ते अजून बोललेच नाहीत. थोड्या वेळानं मागं वळून बघितलं तर ते माझ्याकडंच बघत होते. त्यांनी पुन्हा उभं केलं. दोन वर्षं मी कुजबुज ऐकायचाच सराव केला होता, पण आता ऐकायला तो कानच नव्हता. मी अंदाजानं 'पाणी' म्हणालो. डॉक्टर भले होते, मोठ्या रुग्णालयात यंत्रावर पुन्हा तपासायला पाठवलं. तिथं एक आलेख निघाला. उजव्या कानाची रेघ सरळ होती आणि डाव्याची खाली घसरत गेलेली. माझ्या नावापुढं अपात्र असं लिहिलं गेलं. चौकातला फलक दुसऱ्या दिवशी माझ्या चुलत्यांनी उतरवला आणि घडी घालून गोठ्याच्या छपरावर टाकला. पावसाळ्यात त्याचा उपयोग झाला.

मी सुभेदारांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले की कारखान्यात मशिनी असतात, त्यानं कान जातो. मी म्हणालो की मी पॅकिंगला आहे, तिथं खोकी चिकटवायची असतात. मग ते म्हणाले की आजकालची पोरं मोबाईल कानाला लावून झोपतात. या माणसानं तो ब्रेक माझ्या तळहातावर ठेवून मला सांगितलं होतं. ते विसरले नव्हते, मला खात्री आहे. त्यांची नजर खुर्चीच्या पायाखालच्या रबरावर होती.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या कधी मध्ये बोलायच्या नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "लेकराचा कान तुमच्या शेजारी बसून गेला. दुसरं कशानं जातोय? कारखान्याचं नाव नका सांगू." त्यांचा आवाज त्या घराच्या मानानं मोठा होता.

सुभेदार म्हणाले, "आवाज खाली."

मी चहा न घेता निघालो. फाटकाची कडी जोरात आपटायची असं उठतानाच ठरवलं होतं, पण ट्यूब गुंडाळलेली असल्यामुळं ती वाजलीच नाही.

पुढं वयाची मर्यादा संपली. मी त्याच कारखान्यात राहिलो, आता स्टोअर बघतो. लग्न झालं. बायको नेहमी माझ्या उजव्या हाताला बसते, मोटारसायकलवर मागून बोलायचं असलं तर उजव्या खांद्यावर हनुवटी ठेवते. मुलगी लहान असताना डाव्या बाजूला झोपायची, आणि रात्री रडली तर मला कळायचं नाही. बायकोनं तिची जागा बदलली. माझा सुभेदारांवर राग आहे. तो वयानं कमी होईल असं लोक म्हणतात. तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा निरोप आला. दुर्बिणीवर बसायला कुणी मिळत नाही, एक रविवार ये. मी गेलो. का गेलो याचं उत्तर साधं आहे. मला त्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. माझ्यामुळं झालं, एवढंच. त्याच्यापुढं मी काही मागणार नव्हतो.

खाण तशीच होती. सुभेदार वाळले होते. सतरंजीवर, त्यांच्या उजव्या हाताला, माझ्या जागेवर एक तांबडं गावठी कुत्रं अंग मुडपून बसलं होतं. काकू गेल्यानंतर त्यांनी ते पाळलं होतं. सुभेदार रायफल पुसत होते. नळीच्या तोंडाशी नळकांड्याचा ब्रेक होता. आवाज म्होरं फेकणारा, शेजारच्याला बरा.

मी कुत्र्याच्या पलीकडं बसलो आणि ब्रेककडं बोट केलं. ते उत्साहानं सांगायला लागले. मी माझा उजवा कान त्यांच्याकडं केला.

"ह्ये कुत्रं शेजारी बसंना," ते म्हणाले. "खिडक्यांचा लावला हुता तवा पयल्याच बाराला उठून पळालं. पार डांबरी रस्त्यापातुर गेल्तं. दोनदा तसंच केलं त्यानं. मग बदलला. आता बसतंय बघ बिचारं."

"आणि खांदा?"

"दुखतो थोडा. पडती सवय."

मी म्हणालो, "साहेब, मी दोन हिवाळे बसलो होतो इथं."

त्यांनी फडकं थांबवलं. "तू कुटं उठलास पन," ते म्हणाले. त्यात कसलाही टोमणा नव्हता. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं. कुत्रं उठलं म्हणून त्यांना कळलं, मी उठलो नाही म्हणून कळलं नाही, एवढा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्यांनी चार-पाच गोळ्या झाडल्या. मी दुर्बिणीला डोळा लावला नाही, त्यांनीही विचारलं नाही. मग ते उठून बसले, थर्मास उघडला आणि जुन्या सवयीनं कप काठोकाठ भरला. उचलताना हात थरथरला, अर्धा चहा बशीत सांडला. त्यांनी कप काढून घेतला आणि ती भरलेली बशी कुत्र्यापुढं सरकवली. कुत्रं चाटायला लागलं. पूर्वी एवढा चहा सांडला असता तर ब्रेक नापास झाला असता.

ते माझ्या डाव्या बाजूला होते. त्यांचे ओठ हललेले मला दिसले. क्षणभर वाटलं की ज्याच्यासाठी आलो ते वाक्य हेच असेल. माझी मान जुन्या सवयीनं पुढं झुकायला लागली होती. ती मी आवरली.

"मोठ्यानं बोला, साहेब," मी म्हणालो. "त्या कानानं ऐकू येत नाही."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पुन्हा तेच हळू म्हटलं. मी मान हलवली. तिसऱ्यांदा त्यांनी छाती भरून घेतली, आणि मी त्यांना ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदा ते ओरडले. दरडीवरून आवाज परत आला.

"चहा घेतोस का म्हनलं!"

कुत्रं दचकलं, बशी सोडून उठलं आणि डांबरी रस्त्याच्या दिशेनं चालायला लागलं. त्याच्यामागून मीही उठलो.